चारशे नव्याण्णव सालचे काका

अमेरिकेत, वेस्ट विंडसरमधल्या आमच्या पहिल्या घराच्या मालकांना "आज तारीख काय?" असं विचारायची सोय नव्हती. हातातलं काम थांबवून ते चष्मा कपाळावर सरकवत आणि उलट विचारत, "कोणाच्या हिशेबाने?" मला घाई असली की मी म्हणे, "कचऱ्याच्या गाडीच्या." मग मात्र ते मुकाट्याने तारीख सांगत. कचऱ्याची गाडी एकच कॅलेंडर मानते, हे त्यांनाही मान्य होतं.

मुलांनो, ही गोष्ट सुरू होते तेव्हा तुमच्या आईचा जन्म झालेला नव्हता. तुमचे आजोबा, मी आणि तुमचा पाच वर्षांचा मामा, असे आम्ही तिघं त्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली मालक एकटेच असत. मूळचे नागपूरचे, एका औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्राचं काम करायचे. लग्न केलेलं नव्हतं. मामा त्यांना काका म्हणायचा म्हणून आम्हीही काकाच म्हणू लागलो, आणि ते मला वहिनी म्हणत. स्वयंपाकघर दोन्ही मजल्यांना मिळून एकच होतं. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सवयी मला अगदी जवळून पाहायला मिळाल्या.

तुम्हाला माहीतच आहे, मी लायब्ररीत पुस्तकांची वर्गवारी करणारी बाई. वस्तू जागच्या जागी असली की मला बरं वाटतं. काकांच्या घरात प्रत्येक वस्तू जागेवर असे. फक्त ती कोणत्या शतकात ठेवली आहे ते विचारून घ्यावं लागे. फ्रीजरमधल्या डब्यांवर ते शके घालून मराठी महिना आणि तिथी लिहीत. एकदा "आषाढ वद्य" असं लिहिलेलं पिठलं हातात धरून तुमचे आजोबा कितीतरी वेळ उभे होते.

"हे खायचं की टाकायचं?" त्यांनी मला विचारलं.

"आषाढ कधी झाला?"

"मला काय माहीत! मी इंजिनिअर आहे."

शेवटी काकांनाच हाक मारली. त्यांनी डबा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "टाका. पण वाया गेलं असं म्हणू नका. चारशे नव्याण्णवमध्ये एडेसाच्या लोकांना हेसुद्धा मिळालं नसतं."

चारशे नव्याण्णव हे त्यांचं वर्ष होतं. काही लोकांचं गाव असतं तसं यांचं वर्ष. बेसमेंटमध्ये चारही भिंतींना कागद जोडून जोडून त्यांनी ते एकच वर्ष लावलेलं होतं. दाराच्या डाव्या हाताला सुरू व्हायचं आणि सगळी खोली फिरून दाराच्या उजव्या हाताला संपायचं. सुरुवातीला त्या वर्षाची नावं होती. शके ४२१. विक्रम संवत ५५६. कलियुगाची ३६०० वर्षं. रोम वसल्यापासून १२५२. बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून १०४३. चीनमध्ये सशाचं वर्ष. आणि सगळ्यांत खाली, पेन्सिलीने, बारीक अक्षरात: इसवी सन ४९९.

"हे एवढं बारीक का?" मी पहिल्यांदा बेसमेंटमध्ये उतरले तेव्हा विचारलं होतं.

"कारण त्या वर्षी जगातल्या एकाही माणसाला आपण चारशे नव्याण्णवमध्ये जगतोय हे ठाऊक नव्हतं. इसवी सनाचा हिशेब मांडला गेला तो पुढच्या शतकात. तोपर्यंत रोममध्ये रोजच्या व्यवहारात वर्षाला आकडाच नसे, वहिनी. त्या वर्षीच्या बड्या अधिकाऱ्याचं नाव सांगायचं, की झालं. अमक्याच्या साली माझा मुलगा झाला, तमक्याच्या साली बाप गेला."

"आमच्याकडे प्लेगच्या साली म्हणतात तसं."

"अगदी तसं!" ते इतके खूश झाले की मला खुर्ची दिली.

तुमचे आजोबा त्यांना चिडवायचे. "काका, चौदाशे-पंधराशे वर्षं सोडून त्या एकाच वर्षात काय सापडलं तुम्हाला?"

यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "लोकांना सगळ्या वर्षांतलं थोडं थोडं माहीत असतं. मला एका वर्षातलं सगळं हवंय."

त्या वर्षात त्यांची दोन माणसं होती. एक पाटलीपुत्राकडचा गणिती. त्याचं नाव जगाला माहीत आहे, पण काका त्याला नुसतं "आपला तेवीस वर्षांचा" म्हणत. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की युगाची इतकी वर्षं सरली तेव्हा मला तेवीस वर्षं पूर्ण झाली होती. "बघा," काका म्हणत, "आईबापाचा पत्ता नाही, शाळेचा दाखला नाही, पण माणसाने आपलं वय आकाशाला बांधून ठेवलं. आता ते कुणाला पुसता येणार नाही."

दुसरा माणूस एडेसाचा. हे शहर आता तुर्कस्तानात आहे. तिथल्या कुणीतरी त्या काळात शहराची हकिगत लिहून ठेवली आहे: आकाशात दिसलेल्या खुणा, टोळधाड, भूकंप, मग दुष्काळ. काकांना या माणसाबद्दल प्रेम होतं आणि संशयही होता. मला ते अनेकदा सांगत, "लिहिणाऱ्याने दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे त्या शेजारी घडल्याच असं समजू नका. आकाशात काही दिसलं, की तो जवळपासचं एखादं संकट उचलतो आणि ओढत त्याच्याजवळ आणून ठेवतो. साक्षीदार काय सांगतोय ते ऐकावं, आणि त्याने काय हलवलंय तेही शोधावं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते बरंच नंतर समजलं, आणि काकांना तर माझ्याही नंतर.

आता त्यांच्या दोन विचित्र सवयी सांगते. घराच्या प्रत्येक खोलीत एक लाकडी स्टूल असायचं. वरच्या फळीवरून काही काढायचं झालं की काका स्टूल ओढून आणत, त्यावर चढत आणि डबा घेऊन उतरत. आता गंमत अशी, की ते चांगले मध्यम उंचीचे होते. तुमच्या आजोबांपेक्षा बोटभर उंचच. हात वर केला असता तर फळीच्याही वर पोचला असता. मी एकदा तसं म्हटलंही. ते हसून म्हणाले, "नाही हो वहिनी, मी बुटका माणूस. टोळांनी माझा वाटा खाल्ला."

दुसरी सवय एक जूनची. त्या दिवशी ते गल्लीतल्या सगळ्या मुलांना आईस्क्रीम देत. पहिल्या वर्षी मामाने त्यांना "हॅपी बर्थडे काका" म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला गंभीरपणे दुरुस्त केलं. "माझा नाही. हा हेडमास्तरांचा वाढदिवस."

आमच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा जन्म कागदोपत्री एक जूनचा आहे. जन्मतारीख माहीत नसलेलं मूल शाळेत आलं की हेडमास्तर एक जून लिहून टाकत. काकांच्या आईला विचारलं तेव्हा तिने "टोळ आले त्या सालचा" एवढंच सांगितलं होतं. टोळांचं साल सगळ्यांना पाठ होतं. हेडमास्तरांनी ते साल घेतलं आणि दिवस आपल्या पदरचा घातला.

"वर्गात मी सगळ्यांत ठेंगणा," काका सांगत. "बाकीच्यांच्या खांद्यालासुद्धा लागायचो नाही. खुंटीला दप्तर लावता यायचं नाही. पाण्याच्या माठापर्यंत हात पोचायचा नाही. पोचला असता तरी आम्हाला लावू दिला नसता, ती गोष्ट वेगळी. आई म्हणायची, टोळांनी सगळं शेत खाल्लं, माझ्या अंगावर दूध नव्हतं, म्हणून तू असा राहिला."

पुढे अमेरिकेत शिकायला आल्यावर विद्यापीठाच्या लायब्ररीत त्यांना ते एडेसाचं पुस्तक सापडलं. टोळांचं साल! उभ्याउभ्या ते सगळं वाचून काढलं म्हणाले. तिथून चारशे नव्याण्णव सुरू झालं. पंधराशे वर्षांपूर्वीचे टोळ कोणत्या महिन्यात उतरले हे काढता येतं, तर आपल्या वेळचे का नाही काढता येणार? पण त्याला साक्षीदार लागतो, आणि त्यांच्या जन्माची साक्षीदार जगात एकच उरली होती, त्यांची आई.

ती चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये नागपूरहून आली. आम्ही तिला आजी म्हणायला लागलो. पांढरंशुभ्र लुगडं, डोळ्यांना मोतीबिंदू, आणि जीभ अशी धारदार की काकांसारखा माणूस तिच्यासमोर शाळकरी पोर होऊन जायचा. सकाळी बुद्धवंदना म्हणायची आणि ती संपली की मुलाला धारेवर धरायची.

पहिल्याच आठवड्यात तिला बेसमेंट दाखवलं. ती भिंतीभिंतीने चालत गेली, दारापाशी परत आली आणि म्हणाली, "बाबू, थ्या चारशे नव्याण्णवात तुले एखांदी बायको नाही सापडली का रे?"

आजीला विसरायला होत होतं. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हे आता वाढतच जाणार. त्यानंतर काकांची घाई मला दिसू लागली. रोज जेवताना ते विचारत.

"आई, टोळ आले तेव्हा कापूस उभा होता का?"

"होता असन."

"मी झालो होतो का तेव्हा, की व्हायचा होतो?"

"खाय नं बाप्पा. भाकर थंडी होऊन राहिली."

"पाऊस होता की थंडी?"

"मले वकिलावानी कायले इचारतं? झाला नं तू! समोर बसून खाऊन राहिला नं!"

दर दिवशी उत्तर बदले. कधी टोळ आधी, कधी मूल आधी. कधी थंडी, कधी भर ऊन. काका हताश होऊन माझ्याकडे बघत. एकदा भांडी विसळता विसळता म्हणाले, "एडेसावाला बरा, वहिनी. तो निदान एका जागी उभा राहून खोटं बोलतो." मग नळ बंद करून म्हणाले, "ती गेली की मी कायमचा एक जूनचा."

सातवा महिना होता मला. पोटात तुमची आई होती. तिचा दिवस कसा काटेकोर लिहिला जाईल, हॉस्पिटलात मिनिटासकट, हा विचार माझ्या मनात आला.

त्या मे महिन्याच्या शेवटी सूर्यग्रहण होतं. दक्षिणेकडच्या राज्यांत कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास, पण बरंच मोठं. काका महिनाभर तयारी करत होते. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडायचा, गल्लीतल्या मुलांना दाखवायचा. आदल्या दिवशी पुण्याहून माझ्या सासूबाईंचा फोन आला. पैसे वाचवायला त्या नेहमी भरभर बोलत. "बाहेर पडू नकोस. झोपून राहा. आणि सुरी, कात्री, सुई, कश्शाकश्शाला हात लावू नकोस. मुलाचा ओठ फाटतो. ऐकतेस ना?"

"हो आई, हो," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन शांतपणे दुधी चिरायला बसले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं होतं. मला ग्रहणाची भीती नव्हती, आणि सासूबाई फार लांब होत्या.

दुपारी उजेड बदलला. ढग आल्यासारखा नव्हे. ऊन तसंच होतं, पण पातळ झालं. मागच्या अंगणातून मुलांचा गलका ऐकू येत होता. खिडकीबाहेरच्या मेपलच्या झाडाखाली ड्राइव्हवेवर उन्हाचे कवडसे पडत, ते सगळे चंद्रकोरीसारखे झाले होते. मी मान वळवून ते पाहत होते, सुरी हातातच होती. एवढ्यात कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

आजी होती. डोळ्यांना धड दिसत नसताना ती भिंत धरून आली होती.

"ठेव थो चाकू."

"आजी, अहो काही होत नाही..."

"मले सांगू नको काई होते का नाही होत! ठेव पह्यले."

मी सुरी ठेवली. तिने ती उचलून सिंकमध्ये टाकली आणि खुर्चीवर बसली. तेवढ्यात मागच्या दारातून काका आत आले, हातात पुठ्ठा, चेहरा आनंदाने फुललेला.

"आई, चल बाहेर. कागदावर दिसतो सूर्य. आणि हे काय? तू तर ग्रहण मानत नाहीस. सगळ्या वस्तीला सांगायचीस, ग्रहण म्हणजे सावली."

"सावलीच हाये," आजी म्हणाली. "मी बुद्धाची झाली थ्या दिवसापासून काई मानत नाही. पण मी कापलं होतं नं रे."

"काय कापलं होतं?"

"चारा."

मग ती बोलू लागली, आणि इतके आठवडे जे उत्तर रोज बदलत होतं ते त्या दिवशी एकदाही अडखळलं नाही. पोळ्याचा दिवस होता. पाटलाच्या बैलांना हिरवा चारा हवा होता. दिवस भरलेले असूनही तिला पाठवलं. ती विळ्याने चारा कापत असताना ऊन असं पातळ झालं. बांधावरून बाया ओरडल्या, गिरान लागलं, विळा टाक, पोराचा ओठ फाटन. पण भारा नाही नेला तर पाटील हाकलून देईल, म्हणून तिने कापणं थांबवलं नाही. तिथेच कळा सुरू झाल्या. दिवे लागायच्या आत मूल झालं.

"ओठ पाह्यला पह्यले," आजी म्हणाली. "धड होता. सगळं धड होतं. पण गावाले माईत होतं नं. कोनाची म्हैस मेली, तं गिरानातलं पोट्टं. कोनाचा पाय मोडला, तं गिरानातलं पोट्टं. तू चार वर्सांचा झाला आन् तुह्या बापाले मिलमंधी काम भेटलं, तं आमी गाव सोडलं. शाळेत मास्तरनं इचारलं कोन्या सालचा. आता पोळ्याचं गिरान कसं सांगू? थ्या गावचं कोनी भेटलं असतं तं? मी म्हनलं टोळाच्या सालचा. टोळ म्हनलं की कोनी पुढचं इचारे नाही. समद्याईचं खाल्लं होतं टोळाईनं."

"पण टोळ..." काका पुठ्ठा धरून उभेच होते. "टोळ कधी आले मग?"

"थे तं तुह्या पह्यले दोन सालं आले होते."

"मग मला का नाही सांगितलंस? इतक्या वर्षांत?"

"काय सांगू? की तुह्या मायनं सावलीले भेऊन तुहा जलम लपवला? तू यवढा शिकला. तू हासला असता."

बाहेर मुलं काकांना हाका मारत होती. काका हलले नाहीत. ते हसतील की चिडतील हे मला सांगता येईना. इतकी वर्षं ते ज्या टोळांच्या मागे लागले होते, ते त्यांचे नव्हतेच. एडेसावाला आकाशातली खूण दिसली की संकट ओढून तिच्याशेजारी नेऊन ठेवायचा. या बाईने आपलं मूल उचलून खुणेपासून लांब नेऊन ठेवलं होतं, आणि लपवायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून टोळांच्या आड ठेवलं होतं.

काकांनी पुठ्ठा टेबलावर ठेवला. आईसमोर जमिनीवर बसले आणि एकच प्रश्न विचारला. "बैल सजवले होते का तेव्हा?"

"नाही. शिंगं रंगवाची होती अजून."

"म्हणजे दुपारच्या आत." मग ते खरंच हसले, पण आजीला भीती होती तसं नाही. तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "आई, चारशे नव्याण्णवपासून आजपर्यंत तुझ्याइतका बिलंदर साक्षीदार झाला नाही."

"आन् तुह्याइतका येडा वकील नाही," आजी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

पोळ्याच्या अमावास्येला, विदर्भात दिसलेलं, दुपारच्या आतलं सूर्यग्रहण. काकांनी तक्ते काढले, आणि संध्याकाळच्या चहाआधी बेसमेंटमधून वर आले. असं ग्रहण एकच होतं. चष्मा कपाळावर होता. त्यांनी मला दिवस सांगितला, साल सांगितलं, आणि मी न विचारताच कोणाच्या हिशेबाने तेही सांगितलं, सगळ्या हिशेबांनी. त्या "तेवीस वर्षांच्या"सारखंच आता यांचंही वय आकाशाला बांधलेलं होतं. कागदावर त्रेपन्नावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेला माणूस अजून एक्कावन्नाचाही झाला नव्हता. तुमचे आजोबा म्हणाले, "काका, दोन वर्षं फुकट मिळाली! यार, आम्हाला कुणी देत नाही."

एक जूनला गल्लीला आईस्क्रीम मिळालंच. "हेडमास्तरांनी काय बिघडवलंय?" काका म्हणाले. कागदपत्रांत त्यांनी शेवटपर्यंत काही बदललं नाही.

जुलैत तुमची आई झाली. ओठ धड होता. हे मी सासूबाईंना फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं; दुधीचा विषय काढला नाही. ऑगस्टमध्ये पोळा आला. आजीने कणकेचे बैल केले, आणि नागपूरकडे लहान मुलांचा तान्हा पोळा असतो म्हणून मामाला ते बैल ट्रेमध्ये घालून घरभर फिरवायला लावलं. मी पुरणपोळीचा घाट घातला होता. वेलदोड्याचा डबा वरच्या फळीवर होता आणि माझ्या खांद्यावर तुमची आई.

"काका, तेवढा डबा काढता का?"

ते नेहमीप्रमाणे स्टुलाकडे वळले. स्टुलाला हात लावला आणि थांबले. तसेच वाकलेले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वर्गात मी बुटका नव्हतो, वहिनी. मी चार वर्षांचा होतो."

ते सरळ उभे राहिले, हात वर केला आणि डबा काढून माझ्या हातात दिला.

आजी त्याच थंडीत नागपूरला परत गेली. दोन वर्षांनी आम्ही आपलं घर घेतलं तेव्हा काकांनी एक स्टूल सोडून बाकीची सगळी स्टुलं आम्हाला दिली. तुमची आई त्यांच्यावर चढून चढून मोठी झाली. सनीव्हेलला तुमच्या बाथरूममध्ये दात घासायला तुम्ही ज्यावर उभे राहता, ते त्यातलंच आहे. हात पोचायला लागेपर्यंत खुशाल वापरा. पोचायला लागला की मला फोन करा.